गाडी अजून तयार नाही

श्री

उस्मानपुरा, औरंगाबाद
अधिक ज्येष्ठ वद्य नवमी, शके १९१०

राजमान्य राजश्री वैजनाथराव साडूबुवा यांसी,

व्यंकटरावाचे नमस्कार तीनदा. कारण आपण वयानं, पगारानं आणि लग्नाच्या तारखेनं असे तिन्ही बाजूंनी मला वडील आहात. इथं सगळे खुशाल आहेत, म्हणजे या उकाड्यात जेवढं खुशाल राहता येतं तेवढे. नाशिकला संध्याकाळी म्हणे गार वारा सुटतो. सुटत असल्यास थोडा पाकिटात घालून पाठवावा. मेव्हणीबाईंचे गुडघे कसे आहेत? आपलं पित्त? (शांत असेल तर हे पत्र जेवणानंतर वाचू नये.)

आपलं कार्ड पोचलं. ‘गाडी तयार झाली असेलच. धोंडा संपला की शनिवारी न्यायला येतो.’ एवढाच मजकूर. आपण कारखान्यातले इंजिनीयर, तुम्हाला दोन वाक्यं पुरतात. मी भूगोलाचा मास्तर. गाडी अजून का तयार नाही हे सांगायला मला आधी सबंध प्रदेशाची माहिती द्यावी लागते. तेव्हा चष्मा पुसून घ्यावा.

सुरुवात मागच्या धोंड्यापासून करतो, म्हणजे दोष कुणाचा हे ठरवायला बरं पडेल. आपल्या सासऱ्यांनी, आप्पासाहेबांनी, मला विचारलं होतं, जावईबापू, यंदा वाणात काय देऊ? आता यावर जावयानं ‘काही नको’ म्हणायचं असतं हे मलाही ठाऊक आहे. पण ते मी तीनदा म्हणून झालं होतं आणि आप्पासाहेब जुने वकील, साक्षीदाराला सोडतील कसे? शेवटी मी म्हणालो, अगदी द्यायचंच असेल तर ती मागची गाडी द्या. त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती काळी विलायती गाडी कित्येक दिवस बंद पडून होती. जे कुणी देणार नाही तेच मागावं, म्हणजे त्यांचा मानही राहतो आणि आपलं घेणंही टळतं, असा माझा मुत्सद्दीपणा. तिकडून तुम्ही लिहिलंत, ‘व्यंकटरावांना जे द्याल तेच मला.’ (तुम्हाला चांदीचं निरांजन दिसत होतं, नाही म्हणू नका.) आप्पासाहेबांनी दोघांचाही शब्द खाली पडू दिला नाही. अनारशांचं ताट, वर दिवा आणि बॉनेटवर नारळ ठेवून एक गाडी दोन जावयांना मिळून दिली. वाण परत करता येत नाही आणि विकता तर मुळीच येत नाही. कोणता अर्धा भाग कुणाचा हे आपलं अजून ठरलेलं नाही. मागची गादी माझी असावी असं वाटतं, कारण आजवर मी तिच्यावर नुसता बसलेलोच आहे.

पुढं ठरलं ते असं, की इंजिन उघडून नवं करून घ्यायचं काम मी इथं बघायचं आणि गाडी धावू लागली की पहिल्यांदा ती नाशिकला तुमच्याकडं जायची. ते मला मान्यच आहे. ठरलेल्या शब्दाबद्दल हे पत्र नाही, एवढं इथंच सांगून ठेवतो.

पण एक गोष्ट मी तुम्हाला कळवली नव्हती. लांबच्या माणसाला घोर कशाला, म्हणून. ही गाडी आप्पासाहेबांनी पोलीस ॲक्शननंतर हैदराबादला निघालेल्या एका जागीरदाराकडून घेतली होती. तिच्यातून ते कोर्टात गेले, खुलताबादचा घाट चढले, दोन्ही लेकींना घेऊन दौलताबादच्या दरवाजातून आरसे न खरचटवता निघाले. गाडी बंद पडली तरी किल्ली त्यांच्या कमरेला असायची. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तुमच्या-माझ्या सौभाग्यवतींनी मिळून ती किल्ली काढून घेतली. उद्या गाडी चालू झाली तर हे निघतील खुलताबादला, अशी त्यांना भीती. भीती खरीच होती. पण त्या दिवसापासून माणूस गप्प झाला हो. वर्तमानपत्राची घडी मोडेना, कोर्टाच्या बाररूममध्ये पाऊल टाकेना. दुपार झाली की ओसरीवर खुर्चीत बसायचे आणि मधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचे. ते घड्याळ बंद आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. सासूबाई मला म्हणाल्या होत्या, ‘यांची दुपार काही केल्या सरत नाही बघा.’

असो. मुकुंदवाडीच्या सांडू मिस्त्रीनं इंजिन नवं केलं. (हा मूळचा ट्रॅक्टरवाला. आपल्या गाडीचं बॉनेट उघडल्यावर ‘बाकीचं कुठाय?’ म्हणून विचारत होता.) रिंगा, पिस्टन, सगळं झालं आणि गाडी धूर काढत का होईना, आपल्या पायांनी आप्पासाहेबांच्या शेडमध्ये परत आली. राहिलं काय, तर कार्बोरेटरचं ट्यूनिंग. तुम्हाला कार्बोरेटर समजावणं म्हणजे सूर्यापुढं काजवा धरणं, पण मेव्हणीबाई पत्र मोठ्यानं वाचतात म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. पेट्रोलाचं आणि हवेचं लग्न जिथं लागतं तो मांडव म्हणजे कार्बोरेटर. त्याला दोन स्क्रू. एकानं दोघांचं प्रमाण जमवायचं आणि दुसऱ्यानं गाडीनं उभ्या उभ्या किती जोरात चालावं ते ठरवायचं. ‘एवढंसं तर काम, सांडूला कशाला बोलवता, मीच करतो,’ असं मी सर्वांसमक्ष म्हणालो. उन्हाळ्याची सुट्टी, त्यात धोंड्याचं जेवण रोज सासुरवाडीला. वेळ होता आणि अंगात उत्साहही होता.

तुम्ही सूचना पाठवल्या होत्या. त्यातली मुख्य ही, की स्क्रू हळूहळू फिरवावा आणि इंजिनाचा आवाज समाधानी वाटला की थांबावं. वैजनाथराव, समाधानी आवाज म्हणजे कसा, हे लिहायला तुमच्या कार्डावर जागा होती की! मी पडलो मास्तर. माझ्या मते समाधानी म्हणजे दहावीच्या निकालानंतरचा वर्ग. तेव्हा शेजारच्या आशाबाईंच्या फळीवरची लोणच्याची बरणी सरकू लागेपर्यंत मी स्क्रू फिरवला आणि हात पुसून जेवायला बसलो. आप्पासाहेब ओसरीवरून म्हणाले, ‘वा! जोरदार झालंय.’ मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

दुपारी झोप काढून, चहा घेऊन मागं गेलो आणि गाडी सुरू केली, तर तीच गाडी आपल्याशीच पुटपुटत होती. जिवंत आहे की नाही हे बघायला मला वाकून कान लावावा लागला. म्हटलं, संपलं, धुगधुगी तेवढी उरलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा स्क्रू फिरवला, बरणी पुन्हा सरकली, आप्पासाहेब पुन्हा वा म्हणाले, आणि चहानंतर पुन्हा पुटपुट. असं रोज चाललं. मी सगळ्यांवर संशय घेतला. पेट्रोल पातळ असेल, उन्हानं पितळ फुगत असेल, शेडमध्ये मांजर शिरत असेल. एकदा तर तुमच्याच अर्ध्या भागात बिघाड आहे असंही मनात आलं. सांडूला बोलावलं. त्यानं प्लग बदलले. (त्याच्या लेखी प्लग बदलून बरं होत नाही असं जगात काही नाही. त्याची म्हैस आटली तर तो तिचेही बदलील.) जाताना मला म्हणतो, ‘सर, गाडीत काय बी बिघाड नाय. एका गाडीला दोन मालक झाले, त्यो बिघाड हाय.’ मला वाटलं, हा तुमच्या-माझ्याबद्दल बोलतोय. चहा न देताच परत पाठवला त्याला.

शेवटी एक दिवस मी स्क्रूच्या खाचेसमोर ओल्या कुंकवाची रेघ ओढली. (आमची पद्मजा म्हणाली, ‘घरातले देव संपले का?’) दुपारनंतर पाहतो तर रेघ जागेवर आणि खाच भलतीकडं. आपोआप फिरते ती फक्त पृथ्वी, स्क्रू नाही, हे भूगोलाच्या मास्तराला कळायलाच हवं. म्हणजे दुपारच्या वेळी कुणाचा तरी हात लागत होता. आता नुसतं दुपारचं जागं राहायचं होतं.

इथं माझी खरी अडचण सुरू झाली. धोंड्यातला जावई म्हणजे साक्षात विष्णू, आणि सासूबाई विष्णूला कसं जेवू घालतात हे तुम्हाला सांगायला नको. पुरणाचे धोंडे, त्यावर तूप, तूप मुरलं म्हणून आणखी एक धोंडा, तो कोरडा वाटतो म्हणून पुन्हा तूप. नको म्हणून पानावर हात आडवा धरला तर हातावर तूप. वर जड जाऊ नये म्हणून मठ्ठ्याचा गडवा. नंतर पाठीमागच्या खोलीत गादी, उशाशी कूलर. हा कूलर जाफर गेटच्या बाजारातून आणलेला लोखंडी. सुरू झाला की पिठाच्या गिरणीत झोपल्यासारखं वाटतं. शिवाय मी पडलो रे पडलो की सासूबाई माझा खुंटीवरचा सदरा धुवायला न्यायच्या. रोज! स्वच्छ सदरासुद्धा. मी पद्मजाला म्हणायचो, बघ, आई म्हणावं तर अशी. ती पदर तोंडाला लावून आत जायची. (गाडीची किल्ली त्या सदऱ्याच्या खिशात असते हे तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.)

जागं राहण्यासाठी मी कमला एकादशी धरली. उपास, म्हणजे जेवण नाही आणि जेवण नाही म्हणजे झोप नाही. पण एकादशी, दुप्पट खाशी! साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, आणि पोट रिकामं राहील म्हणून वर केळ्याचं शिकरण. मी धोंड्याच्या दिवशीही इतका गाढ झोपलो नव्हतो.

मला अखेर वीज मंडळानं जागं केलं. त्याच आठवड्यात एका दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला आणि घामानं डोळे उघडले. त्या शांततेत मागून गाडीचा आवाज येत होता, आपली बरणी सरकवणारा, म्हणजे मी सकाळी लावून ठेवलेला. मग तो हळूहळू खाली उतरत गेला. मी उठून खिडकीचा पडदा जरासा बाजूला केला.

शेडमध्ये आप्पासाहेब होते. अंगात बंडी, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, रबराच्या नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. हातात माझाच स्क्रूड्रायव्हर. शेजारी स्टुलावर सासूबाई, एका हातात पंखा आणि मांडीवर माझा सदरा. बॉनेटवर काठोकाठ भरलेलं पाण्याचं फुलपात्र. आप्पासाहेब निजामाच्या कोर्टातल्या त्या जुन्या उर्दूत इंजिनाशी बोलत होते, ‘आहिस्ता, बेगम, आहिस्ता. इतनी जल्दी क्या है?’ स्क्रू इतका थोडा फिरवायचे की फिरवला की नुसताच धरला ते कळू नये. इंजिन पुटपुटायला लागलं. मी रोज मरणाची धुगधुगी समजत होतो तो हाच आवाज. फुलपात्रातलं पाणी आरशासारखं स्थिर झालं होतं आणि आप्पासाहेब हसत होते. वैजनाथराव, गेल्या वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

‘बघ, जावईबापूंनी पुन्हा रेस वाढवून ठेवली होती,’ ते सासूबाईंना म्हणाले. ‘लई मेहनत करायलेत बिचारे.’

‘मग एकदा सांगून टाका की त्यांना.’

‘छे, छे. जावयाला कसं सांगावं? आणि समजा सांगितलं, तर उद्या दुपारी मी काय करू?’

मी पडदा सोडला आणि पुन्हा गादीवर जाऊन पडलो. गरमी भयंकर होती. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं, ते घामाचं नव्हतं हे तुम्हाला लिहायला लाज वाटत नाही. इतके दिवस मी बिघडवत होतो आणि ते दुरुस्त करत होते, आणि सौजन्यापायी दोघंही एकमेकांना वा वा म्हणत होतो. ही चूक इतर कुठल्या नात्यात झालीच नसती. बाप-लेक असते तर पहिल्याच दिवशी स्क्रूड्रायव्हर हिसकावून घेतला असता.

तर गाडी तयार नाही ती अशी. आपण शनिवारी येण्याची तसदी घेऊ नये, निदान गाडीसाठी घेऊ नये. कार्बोरेटरचा दोष फार खोल आहे, सुटे भाग इकडं मिळत नाहीत, आणि पाऊस तोंडावर आला आहे. माझं काम नेटानं चालू आहे. मेव्हणीबाईंना नमस्कार, आपल्या पित्ताला धीर.

आपला,
व्यंकटराव

ता. क. – मेव्हणीबाईंनी इथपर्यंत मोठ्यानं वाचलं असेल तर आता कागद आपल्या हातात घ्यावा. गाडीत काडीचा दोष नाही. ती इतकी सुरेख चालते की आज निघालात तर नाशिक गाठेपर्यंत फुलपात्रातलं पाणी सांडणार नाही. दोष खोल आहे वगैरे वर लिहिलं ते धादांत खोटं.

ता. क. २ – खरी विनंती ही. तुमचा अर्धा भाग यंदा नेऊ नका. मी रोज सकाळी दोन्ही स्क्रू थोडे बिघडवून ठेवतो, पोटभर जेवतो आणि घोरण्याचा आवाज काढत पडून राहतो. (वीज असली की कूलरच घोरतो, मला श्रम नाहीत.) शाळा सुरू झाल्यावर कसं करायचं ते पद्मजा आणि मी बघतो. आप्पासाहेब आता अख्ख्या दोन पोळ्या खातात आणि परवा सांडूशी उर्दूत भांडले. गाडी नाशिकला गेली की ते पुन्हा त्या बंद घड्याळासमोर बसतील. तुम्ही हुशार कारागीर आहात, उभ्या उभ्या बिघाड ओळखाल आणि दुरुस्त कराल, याचीच मला धास्ती आहे. आलात तर हात खिशात ठेवा. यातलं अक्षरही आप्पासाहेबांच्या कानावर जाता कामा नये. म्हातारा फार मानी आहे.

(याखाली वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात)

चि. वैजनाथराव यांस अनेक आशीर्वाद. पाकीट चिकटवायला भाताची शितं मागायला व्यंकटराव स्वयंपाकघरात आले आणि गप्पांच्या नादात पाकीट ओट्यावरच विसरून शाळेच्या मीटिंगला गेले. उघडा कागद समोर आला की वाचल्याशिवाय वकिलाला राहवत नाही, क्षमा असावी.

मजकूर खरा आहे, फक्त एक दुरुस्ती. व्यंकटरावांना आता मुद्दाम बिघडवता येत नाही. रोज हाताळून हाताळून त्यांचा हात बसला आहे. बिघडवायला जातात आणि गाडी जास्तच छान लागते. तेव्हा ते जेवायला बसले की मला आधी ती नीट बिघडवावी लागते आणि मग दुरुस्त करावी लागते. काम दुप्पट झालं आहे. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून त्यांचं नाक दिसतं, तिकडं माझं लक्ष नाही असं दाखवताना मान अवघडते ती वेगळीच. पण दुपार कधी सरते ते हल्ली समजत नाही.

गाडीवर तुमचा हक्क आहे. दिलेलं वाण मी परत मागणार नाही आणि कायद्यानं माझी काहीच हरकत नाही. पण हे कोर्ट नव्हे, म्हणून सांगतो, मला ती अजून काही दिवस जवळ हवी आहे. तुम्ही दोघं मात्र जरूर या.

पाकीट मीच चिकटवून टपालात टाकतो, पण मी पत्र वाचलं हे व्यंकटरावांना कळवू नये. मला सांभाळण्यात त्यांचं मन फार रमलं आहे.

आप्पासाहेब